मित्रांच्या घरी व्हीलचेअरवरून जायचे आहे : विचारावे कसे आणि सांगावे काय?

रंकाळाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापुरातच लहानाचा मोठा झालो आणि सध्या फुलेवाडी परिसरात राहतो. रस्त्यावरील अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेली असून मी व्हीलचेअर वापरतो. हात भक्कम आहेत, सपाट जागेवर खुर्ची माझी मी चालवतो, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून मोटारीत कोणाच्या मदतीशिवाय सरकतो. आमचे घर आम्ही हळूहळू बदलून घेतले आहे आणि काम घरूनच चालते. त्यामुळे माझा प्रश्न माझ्या घराचा नाही आणि पोटापाण्याचाही नाही, तो दुसऱ्यांच्या घरांचा आहे.

शाळेपासूनचा आमचा गट अजून टिकून आहे. पूर्वी आळीपाळीने एकेकाच्या घरी जेवण ठरायचे. आता सगळे माझ्याकडे येतात, नाही तर माझ्या सोयीसाठी एखादे हॉटेल निवडतात. त्यांच्या मनात काही खोट नाही हे मला पक्के ठाऊक आहे. परंतु त्यांची मुले मला ओळखेनाशी झाली आहेत. एकाने नदीच्या बाजूला नवे घर बांधले, त्याची वास्तुशांत मी मोबाइलवर पाहिली. दुसऱ्याचे वडील गेले तेव्हा मी त्याच्या फाटकाबाहेर मोटारीत बसून राहिलो आणि तो बाहेर येऊन खिडकीशी उभा राहिला. ज्याच्या घरी दुःख झाले आहे त्याने समाचाराला आलेल्या माणसाला भेटायला रस्त्यावर यावे, हे मला फार लागले.

अडचणी म्हणाल तर पायऱ्या आहेतच. पायऱ्या असल्या की आपल्याकडे ठरलेले उत्तर येते, ‘त्यात काय, पोरं उचलतील की!’ प्रत्येक पेठेत तालीम आहे, हाक मारली तर चार दणकट मुले धावत येतात, आणि त्यांचे प्रेम खरे असते. तरीही अनोळखी हातांनी भर रस्त्यात उचलले जाणे मला नको वाटते आणि भीतीही वाटते. दुसरी गोष्ट चाकांची. सगळे जण चपला बाहेर काढून आत जातात आणि माझी चाके रस्त्यावरची धूळ घेऊन थेट सोप्यात येतात. तिसरी गोष्ट बाथरूमची, जिच्याविषयी बोलणेच अवघड आहे. कोणाकडे जायचे असेल तर मी सकाळपासून पाणी पिणे कमी करतो.

मला विचारायचे आहे ते असे, की यजमानाला या सगळ्याची कल्पना आधी द्यावी का, दिली तर कोणत्या शब्दांत द्यावी, आणि ‘याला बोलावले की व्याप वाढतो’ असे त्यांना वाटू नये यासाठी आपण काय करू शकतो? जे स्वतः व्हीलचेअर वापरतात किंवा ज्यांच्या घरी असे मित्र येतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चाकांवरची यांचे उत्तर

मी राजारामपुरीत राहते. लहानपणी पोलिओ झाला, अनेक वर्षे कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) आणि कुबड्यांवर चालले, आणि खांदे दुखू लागल्यापासून व्हीलचेअर वापरते. तुमच्या प्रश्नातील पहिल्या भागाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. कल्पना आधी द्यावीच, आणि ती मोघम न देता मापात द्यावी.

‘तुझ्या घरी यायला सोयीचे पडेल का?’ असे विचारले की समोरचा प्रामाणिकपणे ‘हो, एकच पायरी आहे’ असे सांगतो आणि आपण गेल्यावर फाटकाची एक, व्हरांड्याच्या दोन आणि वर उंबरठा असे चित्र दिसते. तो खोटे बोललेला नसतो. जो रोज चालत आत जातो त्याच्या पायांनी त्या पायऱ्या कधी मोजलेल्याच नसतात. म्हणून मी मत विचारत नाही, व्हिडिओ मागते. मोबाइल चालू ठेवून फाटकापासून बसायच्या जागेपर्यंत आणि तिथून बाथरूमपर्यंत चालत जा, आणि प्रत्येक दाराच्या चौकटीला टेप लावून आतले माप दाखव, एवढीच विनंती करते. माझी खुर्ची चाकांसकट पंचवीस इंच रुंद आहे, आणि हाताने चाक फिरवताना बोटे चौकटीवर घासू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना थोडी जागा लागते, म्हणजे अठ्ठावीस इंचांचे दार मला पुरते आणि सव्वीस इंचांच्या दारातून कोणीतरी मागून ढकलावे लागते. तुम्हीही तुमच्या खुर्चीचे सर्वांत बाहेरचे माप घेऊन ठेवा. सीटचे माप सांगू नका, त्याने फसगत होते. अठरा इंची सीट असलेली साधी घडीची खुर्ची बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते.

शब्दांविषयी विचारले आहे म्हणून सांगते. मी सुरुवात अडचणीपासून करत नाही. ‘मला तुझ्या घरी यायचे आहे, तुझ्या आईच्या हातचे जेवायचे आहे, त्यासाठी मला एवढी माहिती हवी’ असे लिहिते. यातला पहिला भाग फार महत्त्वाचा आहे, कारण आपले मित्र बहुतेक वेळा आपल्याला बोलवायचे टाळतात ते व्यापामुळे नव्हे. बोलावले आणि याला आत येता आले नाही तर याला वाईट वाटेल, अशी त्यांना धास्ती असते. आपण स्वतःहून यायचे म्हटले की ती धास्ती पुष्कळ उतरते.

चाकांचा प्रश्न मात्र आपल्या घरांमध्ये खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. मी पिशवीत दोन जुने सुती फडके ठेवते, एक ओला आणि एक कोरडा. दाराशी थांबून ब्रेक न लावता खुर्ची हळूहळू पुढे सरकवत टायरचा पूर्ण वेढा पुसून घेते. पुढची लहान चाके पुसायला मात्र कोणाची तरी मदत लागते, आणि तिथेच केस व दोरे अडकलेले असतात. पावसाळ्यात यजमानांना आत एक जुनी चादर अंथरायला सांगते, परंतु ती बाजूंनी दाबलेली असावी, नाही तर चाकात गुंडाळली जाते. एवढे केल्यावर मी सोप्यात निःशंक बसते. स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ जाण्यापूर्वी विचारते, कारण ते घर त्यांचे आहे. आजवर ज्यांनी नको म्हटले असे घर अगदी विरळा, आणि बहुतेक ठिकाणी आजीच ‘अगं ये की आत’ असे म्हणाल्या आहेत.

आणखी काही बारीक गोष्टी आहेत ज्या यजमानांच्या लक्षात येणे शक्यच नसते. दारात काढलेल्या चपलांचा ढीग हा सर्वांत मोठा अडथळा, कारण पुढचे लहान चाक एका पट्ट्यात अडकले तरी खुर्ची जागीच थांबते आणि आपण पुढे झुकतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दाराशी भरगच्च रांगोळी असते, तेव्हा मी आदल्या दिवशीच मैत्रिणीला रांगोळी एका बाजूला घ्यायला सांगते, म्हणजे तिची मेहनत माझ्या चाकाखाली जात नाही. टीपॉय हलवून घ्यावा. आणि बसण्याची जागा सोफ्याच्या रांगेतच एक खुर्ची काढून करावी, कारण रस्त्यात बसलो की प्रत्येकाला वाट देण्यासाठी आपल्याला सतत मागेपुढे व्हावे लागते आणि गप्पांचा धागा तुटतो. पंगत जमिनीवर असेल तर सगळे खाली आणि आपण एकटे वर, असे होऊ नये म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात अशा वडीलधाऱ्यांना माझ्या शेजारी खुर्च्या मांडायला सांगते. अशी माणसे प्रत्येक घरात दोन-तीन निघतातच.

समाचाराच्या प्रसंगाविषयी तुम्ही लिहिलेले वाचून मला राहवले नाही. तशा वेळी मापे मागत बसता येत नाही हे खरे आहे. परंतु गेलेल्या माणसाच्या घरी जाणे त्या एका दिवसापुरते नसते. गर्दी ओसरल्यावर, महिन्याभराने, आधी सांगून जा आणि काकूंजवळ तासभर बसा. त्या वेळी घरात येणारी माणसे कमी झालेली असतात आणि तुमच्या येण्याची त्यांना अधिक गरज असते.

मंगळवार पेठकर यांचे उत्तर

मी यजमानाच्या बाजूने लिहितो. माझा बालमित्र व्हीलचेअर वापरतो आणि आमचे घर जुन्या पद्धतीचे आहे, म्हणजे रस्त्यालगत दोन दगडी पायऱ्या, मग सोपा, मग माजघर आणि संडास-मोरी मागे परसात. कितीतरी दिवस आम्ही त्याला घरी बोलावले नाही. चाकांवरची यांनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. त्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही गप्प होतो, आणि आमच्या गप्प राहण्यानेच त्याला वाईट वाटत होते. शेवटी त्यानेच एकदा फोन करून ‘यंदा गणपतीला मी तुझ्याकडे येणार आहे, फळीची सोय कर’ असे सांगितले, तेव्हा घरात सगळ्यांना हायसे वाटले. काय करायचे हे कळले की माणसाला हुरूप येतो, काय करायचे हेच माहीत नसते तेव्हा तो टाळाटाळ करतो.

आमच्या सुताराने जाड प्लायवूडची एक लांब फळी करून दिली. तिच्या दोन्ही कडांना इंचभर उंचीच्या पट्ट्या ठोकल्या, त्यामुळे चाक कडेवरून घसरत नाही. वर रबरी मॅट चिकटवली, कारण नुसत्या प्लायवर पावसात चाक सरकते. वरच्या टोकाला खालून एक आडवी पट्टी आहे, ती पायरीच्या काठाला अडकते आणि खुर्चीचे वजन आल्यावर फळी मागे सरकत नाही. उंबरठा काढायला आईचा विरोध होता आणि तो मला योग्य वाटला, कारण ती रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहते. मग उंबरठ्याच्या आतून आणि बाहेरून एकेक उतरती लाकडी पाचर केली. पाहुणा आला की लावायची आणि गेला की कॉटखाली ठेवायची. हीच पाचर आता आईला वॉकर घेऊन बाहेर पडताना उपयोगी पडते.

परसातल्या संडासाचे मात्र आम्हाला काही करता आले नाही. वाट अरुंद आहे आणि भांडे भारतीय पद्धतीचे आहे. आमच्या शेजाऱ्यांनी तळमजल्यावर नवे बाथरूम बांधले आहे, त्याचे दार मोठे आहे आणि आत कमोड आहे. त्यांना एकदा नीट समजावून सांगितले, त्यांनी आनंदाने होकार दिला, आणि आता मित्र येणार असेल त्या दिवशी मी त्यांना सकाळीच सांगून ठेवतो. पाहुण्याला स्वतः शेजारी जाऊन विचारायला लागू नये, हे यजमानाचे काम आहे असे मी मानतो.

व्याप वाटेल का, असे तुम्ही विचारले आहे. आमच्या घरी तांबडा-पांढरा करायचा म्हटले की आदल्या रात्रीपासून तयारी चालते, मसाला भाजण्यापासून मटणासाठी ओळखीच्या दुकानात पहाटे जाण्यापर्यंत. ज्या घरात पाहुण्यासाठी एवढे हौसेने केले जाते, तिथे फळी लावायला लागणारी दोन मिनिटे कोणाला जड होतील, असे मला वाटत नाही.

फिजिओथेरपिस्ट, शाहूपुरी यांचे उत्तर

मी मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांबरोबर बराच काळ काम केले आहे, म्हणून तुमच्या प्रश्नातील एका वाक्यावर आधी लिहिणे आवश्यक वाटते. पाहुणे म्हणून जायचे असेल तेव्हा तुम्ही पाणी कमी पिता, ते कृपया थांबवा. मज्जारज्जूच्या इजेनंतर मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, आणि पाणी कमी पडले की जंतुसंसर्ग आणि खडे यांचा धोका वाढतो. एका जेवणासाठी पुढचे आठ दिवस तापात काढावे लागणे हा व्यवहार फार महाग आहे.

तुम्ही ठरावीक वेळाने कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून लघवी काढत असाल, तर साधारण चार ते सहा तासांचे अंतर असते. निघण्यापूर्वी घरी एकदा मूत्राशय रिकामे केले तर दुपारच्या जेवणाची भेट त्या अंतरात बसते. भेट लांबणार असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या, की तुम्हाला बाथरूमच हवे असे नाही. दाराला आतून कडी असलेली एक खोली, हात धुण्यासाठी पाणी व साबण, आणि तुमच्या पिशवीत कॅथेटर, झाकणाची बाटली व एक बंद होणारी पिशवी एवढे पुरते. ‘मला दहा मिनिटे एक खोली लागेल’ हे वाक्य बाथरूमविषयी बोलण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे आणि कोणतेही घर ते सहज देऊ शकते. पायाला बांधायची लघवीची पिशवी वापरणाऱ्यांनी ती निघताना रिकामी करावी आणि तिची नळी कपड्याखाली दुमडली जात नाही ना, हे बसल्यावर पाहावे. ज्यांची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत आहे त्यांच्या बाबतीत तुंबलेले मूत्राशय रक्तदाब एकाएकी वाढवू शकते. डोके ठणकू लागले आणि चेहऱ्याला घाम फुटला तर तो तातडीचा प्रसंग समजावा, आणि सोबत असलेल्या मित्राला हे आधीच माहीत असावे.

सोफ्यावर बसण्याचा आग्रह होईल. नम्रपणे नाकारा. सोफा खोल आणि मऊ असतो, त्यातून खुर्चीत परत सरकणे अवघड जाते, आणि तुमची गादी खुर्चीतच राहिल्यामुळे बसण्याच्या हाडांवर दाब पडून जखम होऊ शकते. गप्पांच्या ओघातही दर अर्ध्या तासाने हातांवर भार घेऊन अंग उचलणे किंवा पुढे झुकणे सोडू नका.

आणखी एक. गरम रश्श्याची वाटी किंवा चहाचा कप मांडीवर कधीही ठेवू नका, ताटसुद्धा नको. संवेदना नसलेल्या त्वचेला चटका बसलेला कळत नाही, वाटीचा तळ मांडीला टेकून राहतो आणि घरी जाऊन कपडे बदलताना फोड दिसतो. असे भाजणे मी अनेकदा पाहिले आहे, आणि ते बरे व्हायला फार वेळ घेते. गुडघे आत जातील अशा टेबलाशी बसा, नाही तर मांडीवर जाड लाकडी ट्रे घ्या.

आता उचलण्याविषयी. पायरी चढवायचीच असेल तर खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाके पायरीला टेकवून, मागे झुकवून वर ओढतात. सर्वांत ताकदवान माणूस मागे मुठींपाशी असतो आणि पुढचा माणूस खाली राहून खुर्चीचा पक्का सांगाडा धरतो. उतरवताना तोंड उताराकडेच ठेवून, खुर्ची मागे झुकवलेली राखून, एकेक पायरी सावकाश सोडतात. हाताचे टेकण आणि पायाची पाटी यांना धरून कधीही उचलू नये, कारण पुष्कळ खुर्च्यांमध्ये ती निघतात आणि अर्ध्या जिन्यावर हातात येतात. सूचना एकानेच द्याव्यात आणि तो एक जण तुम्ही असावे. चार मुले चार दिशांनी उत्साहाने उचलतात, त्यांना तुमचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबवणे हा तुमचा अधिकार आहे.

जुना तालीमवाला यांचे उत्तर

सर्वांचे लिहिणे वाचले आणि पुष्कळ शिकलो. तरी एक बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहितो. आमच्या तालमीतील एक मित्र पायाने अधू होता आणि आम्ही त्याला वर्षानुवर्षे मित्रांच्या माड्यांवर खुर्चीसकट नेले. त्याला कधी कमीपणा वाटला नाही, कारण नेणारे आम्हीच होतो आणि कसे न्यायचे ते तो सांगत असे. पेठेतली सगळी घरे उद्या बदलणार नाहीत. फळी बसत नाही अशा अरुंद जिन्याच्या घरातही आपली माणसे राहतात. तेव्हा उचलून घेणे सरसकट नाकारू नये. अनोळखी मुलांना मात्र बोलावू नये. दोन-तीन विश्वासू मित्र ठरवून घ्यावेत आणि त्यांनी एकदा तुमच्याच घराच्या पायरीवर रिकाम्या खुर्चीने सराव करावा.

चाकांवरची यांचे उत्तर

जुना तालीमवाला काका, तुमच्या मित्राच्या बाबतीत निर्णय त्याचा होता, म्हणून ते शोभले. माझा आक्षेप ‘उचलतील की’ हे उत्तर विचारण्याआधीच दिले जाते त्याला आहे. मला स्वतःला उचललेले चालत नाही, कारण माझी हाडे ठिसूळ झाली आहेत, आणि ज्या घरी दुसरा मार्ग नाही तिथे आम्ही मैत्रिणी अंगणात खुर्च्या मांडून बसतो. तेही त्या घरी जाणेच आहे. मुले येतात-जातात, आत कुकरची शिट्टी झालेली ऐकू येते, सासूबाई ताटे घेऊन बाहेर येतात. हॉटेलात हे मिळत नाही.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खोली मागण्याची कल्पना मला सुचली नव्हती, आणि त्या एका गोष्टीने मनावरचे मोठे ओझे उतरले. ज्या मित्राचे वडील गेले त्याच्याकडे फाटकाशी एक आणि व्हरांड्याला एक अशा पायऱ्या आहेत, तिथे फळी चालेल. नव्या घराचे मात्र अवघड आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षांच्या पुरात त्या भागात पाणी शिरले होते, म्हणून त्याने जोते मुद्दाम उंच घेतले. दारापर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि एकूण उंची साडेतीन फूट भरते. तिथेही लांब फळी करून घेता येईल का?

बांधकामवाला, उचगाव यांचे उत्तर

नाही, आणि कोणी करून देतो म्हणाले तरी घेऊ नका. उताराचे मान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांची फळी लागते. मागे भक्कम माणूस असेल तर एका पायरीला याहून थोडी आखूड फळी निभावते, परंतु साडेतीन फुटांना हिशोबाने बेचाळीस फूट उतार येतो आणि मध्ये थांबायला सपाट टप्पा लागतो. दहा-बारा फुटांची फळी लावली तर ती इतकी उभी होईल की खुर्ची मागे उलटेल, आणि मध्यभागी ती वाकेल ते वेगळेच.

पुराच्या पट्ट्यात जोते उंच घेणे बरोबरच आहे, त्याबद्दल तुमच्या मित्राला दोष देता येणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की नकाशा काढतानाच कुंपणाच्या भिंतीलगत वळणाचा उतार धरला तर तो खर्चात फारसा जाणवत नाही, आणि नंतर करायचा म्हटले की बाग तोडावी लागते. दारांचेही तसेच आहे. बाथरूमचे दार आम्ही सवयीने दोन-सव्वादोन फुटांचे ठेवतो आणि तीन फुटांचे केले तर खर्चात नाममात्र फरक पडतो. मी आता प्रत्येक मालकाला एकदा तरी विचारतो की तळमजल्यावर एक बाथरूम मोठ्या दाराचे करू या का. पुष्कळ जण स्वतःच्या आईवडिलांचा विचार करून होकार देतात. अपार्टमेंटमध्ये तर वेगळीच तऱ्हा असते, लिफ्ट असते आणि लिफ्टपर्यंत पोहोचायला तीन पायऱ्या असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधील सुगम्यतेच्या तरतुदींचा मुख्य भर सार्वजनिक इमारतींवर आणि सेवांवर आहे, कोणाच्या खासगी घराचा उंबरठा तो बदलून देत नाही. त्यामुळे घरांच्या बाबतीत मालक आणि आमच्यासारखे बांधणारे यांनीच लक्ष घातले पाहिजे. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही दिव्यांगांसाठीची संस्था ज्या कोल्हापूर शहरात उभी केली, त्या शहरातल्या बांधकामवाल्यांना हे नव्याने सांगावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या मित्राच्या घराचे तीन मार्ग दिसतात. घराच्या मागच्या बाजूची जमीन चढती असेल तर मागच्या दाराशी उंची बरीच कमी भरते, ते आधी मोजा. बाजूला दहा-बारा फुटांची मोकळी पट्टी असेल तर तिथे दोन वळणांचा कायमचा उतार बसू शकतो. त्याची रुंदी चार फूट ठेवा, वळणावर खुर्ची फिरण्यासाठी पाच फूट लांब-रुंद सपाट जागा सोडा, दोन्ही कडांना कठडा करा आणि वर गुळगुळीत फरशी न लावता खरबरीत कोबा ठेवा. यांपैकी काहीच जमत नसेल तर जिन्याशेजारी बसवायचा उभा छोटा लिफ्ट असतो, तो महाग आहे, आणि त्याचे यंत्र पुराच्या पातळीच्या वर घ्यावे लागेल. मित्राकडून जोत्याची उंची चारही बाजूंनी मोजून घ्या, फाटकापासून भिंतीपर्यंतचे अंतर घ्या, आणि मोटार लावण्याची जागा कोणत्या पातळीवर आहे तेही लिहा. कागदावर हाताने काढलेला कच्चा नकाशा पुरेल. तो इथे टाकलात तर उतार बसतो की नाही हे मी काढून देतो.